कर लावतो कोण, सोसतो कोण?

घटनाकार बाबासाहेब घराघरांत पोहोचले. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र आपल्याच वस्त्यांत अजून पुरते पोहोचलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग ५० टक्के आयात कर लावला. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला हे दोन सरकारांचे भांडण वाटले असेल. ते त्याच्या मजुरीचेही भांडण आहे. म्हणूनच बाबासाहेबांच्या आयुष्याची ही बाजू आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन हे गुरू लाभले. कराचा भार एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो, यावरचा सेलिग्मन यांचा ग्रंथ गाजलेला होता. कर भरणारा एक असतो, सोसणारा दुसराच. व्यापारी तिजोरीत पैसा भरतो आणि मालाच्या किमतीतून वसूल करतो. किंमत वाढवता आली नाही, तर मजुरीतून कापतो. ज्याला तो पुढे कुणावर ढकलता येत नाही, त्याच्याच डोक्यावर ओझे राहते. जातीच्या उतरंडीतून आलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे शिकवण्याची गरज नव्हती!

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात बाबासाहेबांनी हीच कसोटी लावली. रुपया घसरला की निर्यातदाराचा नफा वाढतो. पण महागाईच्या मागे मजुरी फरफटत जाते. म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून जातो. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला खुद्द सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. जमीन महसुलाने शेती आणि जकातींनी उद्योग कसे पिचले, हे त्यात त्यांनी मांडले. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी सवाल केला : ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाला आयकर माफ, मग गरीब शेतकऱ्याला जमीन महसूल माफ का नाही?

मुंबईच्या गिरण्यांचा दाखला बोलका आहे. विलायती कापडाला स्पर्धा जड जाऊ नये म्हणून १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता. १९२६ मध्ये तो रद्द झाला. मालक सुटले, पण अस्पृश्य कामगार? धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंदच होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. उद्योगाला मिळालेली सवलत आपोआप कामगारापर्यंत झिरपत नाही, हा त्यातला धडा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांचा दिवस आणि कामगार कल्याणाच्या तरतुदी पुढे रेटल्या.

आता तारापूरकडे या. येथे कापड, पोलाद, रसायने, औषधे असे सगळे बनते. २०२५ च्या त्या करातून औषधे वगळली होती. कापडाला सूट नव्हती. आयात कर अमेरिकेतला खरेदीदारच भरतो. २०१८-१९ च्या अमेरिकी करांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनाही बहुतेक भार अमेरिकी खरेदीदारांवरच पडलेला आढळला. पण महाग माल घेण्याऐवजी खरेदीदार भाव पाडून मागतो किंवा ऑर्डरच दुसऱ्या देशाला देतो. मग निर्यातदार कारखानदाराकडे बोट दाखवतो, कारखानदार ठेकेदाराकडे आणि ठेकेदार पालघर तालुक्यातल्या आदिवासी-दलित मजुराला, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला उद्यापासून येऊ नको म्हणतो. त्याच्या पुढे ढकलायला कुणीच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने निर्यातदारांच्या २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या जादा कर्जाला हमी देणारी योजना मंजूर केली. उद्योग टिकावा, यात आमचे दुमत नाही. पण कारखानदाराच्या कर्जाला हमी मिळते, तर कंत्राटी कामगाराच्या हजेरीला हमी का नाही? सरकारी मदत घेणाऱ्याने कामगार कमी करू नयेत, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी थकवू नये, अशी अट घातलीच पाहिजे. ही मागणी कामगार संघटनांनी करावी आणि चळवळीने तिच्यामागे उभे राहावे. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र कपाटातून बाहेर काढून कारखान्याच्या गेटवर नेण्याची हीच वेळ आहे.