विल्यम हॉजेस : पाहिलेले आणि छापलेले

प्रशांत महासागरातील बेटांवर युरोपीय दर्यावर्दी उतरत असल्याची जुनी छापचित्रे अनेकांच्या पाहण्यात आली असतील. किनाऱ्याला लागलेली होडी, हिरवी डहाळी पुढे करणारा कप्तान आणि समोर जमलेले बेटवासी. अशा चित्रांपैकी सर्वांत नामांकित चित्रांचा मूळ चित्रकार विल्यम हॉजेस पुढे आपल्या देशातही येऊन गेला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

हॉजेसचा जन्म १७४४ साली लंडनमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. चित्रकलेच्या एका शाळेत तो प्रथम सांगितली कामे करणारा पोऱ्या म्हणून राहिला आणि तेथेच रेखाटन शिकला. पुढे रिचर्ड विल्सन या विख्यात निसर्गचित्रकाराचे शिष्यत्व त्याला लाभले. १७७२ मध्ये कप्तान जेम्स कुक दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा आरमार खात्याने हॉजेसला चित्रकार म्हणून ‘रिझोल्यूशन’ जहाजावर नेमले.

तीन वर्षांच्या या प्रवासात त्याने अंटार्क्टिक वृत्तापलीकडील हिमनग पाहिले, ताहितीचे झगझगीत ऊन पाहिले आणि लंडनच्या चित्रशाळेत न शिकवलेला प्रकाश रंगांत पकडण्याचा प्रयत्न केला. परंतु सामान्य वाचकापर्यंत पोहोचली ती त्याची रंगचित्रे नव्हेत. १७७७ मध्ये कुकचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात हॉजेसच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे होती. ती कोरणाऱ्या कारागिरांनी ती बेटे कधी पाहिली नव्हती.

टोंगा द्वीपसमूहातील मिडलबर्ग, म्हणजे आजच्या एउआ बेटावर कुक उतरल्याचे चित्र जॉन शेरविन याने कोरले. त्यातील बेटवासी प्राचीन ग्रीक पुतळ्यांसारखे दिसतात. चेहरे तसेच, अंगावरची वस्त्रेही तशीच घोळदार. त्याच जहाजावरून फिरलेला तरुण निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग फोर्स्टर याने आपल्या ग्रंथात या विपर्यासावर उघड टीका केली. खऱ्या माणसांच्या जागी लंडनच्या रसिकांना रुचेल अशी माणसे उभी राहिली होती.

हा प्रश्न केवळ वस्त्रांचा नव्हता. ऑगस्ट १७७४ मध्ये एरोमांगा बेटावर झटापट झाली, बंदुका चालल्या आणि काही बेटवासी प्राणास मुकले. त्या प्रसंगाचेही भव्य, रेखीव छापचित्र निघाले. दिवाणखान्यात बसून ते पाहणाऱ्याला ते एखाद्या पुराणातील युद्धासारखे वाटावे, असेच त्याचे रूप होते. बेटवासीयांची बाजू सांगणारे चित्र त्या ग्रंथात नव्हते.

१७८० मध्ये हॉजेस मद्रासला उतरला. वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने त्याने बंगाल, काशी, आग्रा असा प्रवास केला. शिंद्यांच्या हातून १७८० मध्ये इंग्रजांनी घेतलेला ग्वाल्हेरचा किल्लाही त्याने चितारला. मायदेशी परतल्यावर या प्रवासातील दृश्यांची छापचित्रे त्याने तयार केली, तीही बहुतांशी स्वतःच्या हाताने. येथील मंदिरे आणि मशिदी पाहून त्याचे एक मत पक्के झाले होते. ग्रीक वास्तुकला ही जगातील सर्व वास्तूंचे एकमेव माप मानणे चूक आहे, असे त्याने १७८७ च्या सुमारास लेखाद्वारे मांडले. ज्याच्या बेटवासीयांना इतरांनी ग्रीक वेष चढवला, त्यानेच ग्रीक मापदंडाला आव्हान द्यावे, यात मोठा अर्थ आहे. त्याच वर्षी तो रॉयल अकॅडमीचा सभासद झाला.

त्याची अखेर मात्र दुःखद झाली. फ्रान्सशी युद्ध चालू असताना शांतता आणि युद्ध यांचे परिणाम दाखवणारी चित्रे त्याने प्रदर्शनात मांडली. ड्यूक ऑफ यॉर्कच्या नापसंतीमुळे १७९५ मध्ये प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकला सोडून तो डार्टमथ येथील एका पेढीत भागीदार झाला. १७९७ च्या आर्थिक संकटात पेढी बुडाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे निधन झाले.

त्याची तैलचित्रे आज ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. छापचित्रे मात्र जगभर पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनाच इतिहास समजण्यात आले. आपली मुले पाठ्यपुस्तकातील एखादे जुने चित्र पाहत असतील, तेव्हा हे दृश्य कोणी पाहिले, कोणी कोरले आणि कोणासाठी छापले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागावी. शाळेने दिलेल्या विद्येचा तोही एक भाग आहे.