करेन लोकांचा प्रेषित को-था-ब्यू

सन १८१२ मध्यें अमेरिकेहून जे पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले, त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पुढच्या वर्षीं मुंबईस उतरले. त्यांनीं आरंभिलेल्या मराठी मिशनाचें काम पुढें साताऱ्यापर्यंत आलें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांचे सोबती अॅडोनिराम जडसन हे मात्र ब्रह्मदेशांत रंगून येथें गेले. ह्या देशास आज म्यानमार म्हणतात. लोकमान्य टिळक मंडालेच्या ज्या तुरुंगांत होते तो ह्याच देशांतला, आणि आमच्या रत्नागिरीस कैदेंत वारलेला थिबा राजाहि तेथलाच. त्या देशीं जडसनसाहेबांच्या आश्रयास आलेल्या एका मनुष्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

को-था-ब्यू हा करेन जातीचा. हे लोक बहुधा रानावनांत व डोंगरांत राहणारे, गरीब, ब्रह्मी अंमलदारांच्या जुलमानें गांजलेले. त्यांच्या भाषेस त्या वेळीं लिपीहि नव्हती. बसीन शहराच्या उत्तरेस एका खेड्यांत सन १७७८ च्या सुमारास तो जन्मला. (इंग्रज लोक आपल्या वसईसहि बसीनच म्हणत, पण हें गांव निराळें.) लहानपणापासून तो अनावर होता. पंधरा वर्षांचा होईपर्यंत कसाबसा आईबापांजवळ राहिला. पुढें चोरी, दरोडे आणि खून हाच त्याचा धंदा झाला. आपण स्वतः मारलेलीं व दुसऱ्यांच्या साथीनें मारलेलीं माणसें मिळून तिसांच्या वर असतील, नक्की आंकडा आपणांसहि सांगतां येत नाहीं, अशी कबुली तो पुढें देत असे. तीस घरांतला तो आकांत आम्ही ह्या चरित्रांत झांकूं इच्छीत नाहीं. त्यानें स्वतःहि तो झांकला नाहीं.

त्या काळीं त्या देशांत कर्ज न फिटल्यास ऋणको सावकाराचा दास होई. को-था-ब्यूवर हीच पाळी आली. को-श्वे-बे नांवाच्या एका ब्रह्मी ख्रिस्ती गृहस्थानें त्याचें कर्ज फेडून त्यास घरीं ठेविलें. परंतु त्याचा राग इतका भयंकर कीं, त्यास घरांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां जडसनसाहेबांनीं तें देणें देऊन त्यास आपणांकडे घेतलें. तो हळूहळू वाचावयास शिकला, प्रार्थना करूं लागला, तरी राग लवकर सुटेना. मोलमीनच्या मंडळीकडे त्यानें बाप्तिस्मा मागितला, तेव्हां मंडळीनें त्यास थांबविलें. आमच्या मतें हें योग्यच झालें. इतकें रक्त ज्याच्या हातून सांडलें, त्याच्या शब्दावर घाईनें भरंवसा ठेवणें शहाणपणाचें नव्हतें.

पुढें जॉर्ज बोर्डमन हे टवॉय येथें गेले, त्यांच्याबरोबर तो गेला, आणि तेथें ता. १६ मे १८२८ रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळीं त्याचें वय पन्नाशीच्या घरांत होतें. विद्या बेताची, ज्ञान थोडें. पण जें थोडें कळलें तें रानोरान फिरून, झोंपडीझोंपडींत बसून तो सांगत सुटला. करेन लोकांत फार जुनी समजूत होती कीं, आपला हरवलेला ग्रंथ गोरा भाऊ कधीं तरी परत आणील. एका खेड्यांत तर कोणा वाटसरूनें दिलेलें एक पुस्तक गुंडाळून वर्षानुवर्षें पूजेंत ठेविलें होतें. बोर्डमनसाहेबांनीं तें सोडून पाहिलें, तों तें इंग्लंडांतील मंडळीचें प्रार्थनापुस्तक निघालें! अशा लोकांस को-था-ब्यूचे शब्द गोड लागले ह्यांत नवल नाहीं.

सन १८३१ मध्यें बोर्डमन क्षयानें वारले. मरणापूर्वीं थोडेच दिवस त्यांस खाटेवर घालून रानांत नेलें होतें, तें करेन लोकांचा बाप्तिस्मा डोळ्यांनीं पाहावा म्हणून. को-था-ब्यू पुढें रंगूनकडे व आराकानांत फिरला, आणि ता. ९ सप्टेंबर १८४० रोजीं वारला. करेन भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र सन १८५३ मध्यें झालें. तें त्यास पाहावयास मिळालें नाहीं.

सन १८७८ च्या मे महिन्यांत, त्याच्या बाप्तिस्म्यास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, बसीनच्या करेन ख्रिस्ती लोकांनीं स्वतः वर्गणी करून आपल्या शाळेसाठीं एक मोठें सभागृह बांधलें व त्यास को-था-ब्यूचें नांव दिलें.