डबक चाळीपासून राजगृहापर्यंत

मुंबईत येऊन पोट भरणे एक वेळ साधते. परंतु डोके टेकण्यापुरती जागा मिळविणे कठीण, हा अनुभव आपल्या ज्ञातिबांधवांपैकी बहुतेक कुटुंबांच्या वाडवडिलांनी घेतलेला आहे. म्हणूनच यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र त्यांच्या निवाऱ्याच्या अंगाने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. चूल, भांडीकुंडी, सरपण आणि माणसे, सारे त्या एकाच खोलीत. अशा अडचणीतून पितापुत्रांनी एक तोड काढली. भीमराव संध्याकाळीच निजत व सुभेदार जागत बसत. रात्री दोनच्या सुमारास ते मुलास अभ्यासास उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. रॉकेलच्या दिव्यापाशी असे अध्ययन करून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने मुंबईत कामकरी वर्गासाठी चाळी बांधिल्या. त्यांपैकी परळच्या चाळीत पुढे या कुटुंबास समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. एकीत संसार थाटला गेला आणि दुसरी अभ्यासाची झाली. बाबासाहेबांच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे या चाळीशी निगडित आहेत.

येथवरची अडचण पैशाची होती. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा भाडे देण्याची ऐपत होती आणि अमेरिकेतील उच्च विद्येचे तेजही होते; परंतु जातीमुळे त्यांस कोणी जागा देईना. दररोज दीड रुपया देऊन ते एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. ज्या दोन स्नेह्यांकडे ते गेले, त्यांच्याकडेही आसरा मिळाला नाही. अखेर सार्वजनिक बागेत पाच तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरील घरात राहून त्यांनी आपले अध्ययन चालविले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. बडोद्यात ज्यास एक खोली मिळाली नाही, त्याची लंडनमधील खोली आज स्मारक झाली आहे.

१९३० नंतरच्या काही वर्षांत बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधिले व मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्यास राजगृह हे नाव दिले. चाळीतील खोलीत न मावणाऱ्या ग्रंथांना तेथे प्रशस्त स्थान मिळाले. मात्र रमाबाईंना हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतः बाबासाहेबांनी ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील निवासस्थानी देह ठेविला.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? नव्याने शहरात आलेल्या ज्ञातिबांधवास खोली पाहून देणे हे आम्ही आजवर आपले कर्तव्य मानीत आलो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी जागेसाठी दारोदार हिंडून पाहिले, त्यांच्यापैकी कित्येक आज स्वतः घरमालक आहेत. दारी आलेल्या भाडेकरूचे आडनाव ऐकून आम्ही खोली भरली असल्याचे सांगत असू, तर बडोद्याच्या त्या जमावात आणि आमच्यात अंतर ते कोणते? त्याची नोकरी विचारावी, भाडे ठरवावे, अनामत घ्यावी. जात मात्र विचारू नये. एवढा एक नियम प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरापुरता पाळला, तरी या स्मरणाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.