ज्वालामुखी गावात तेल शोधणारा मंत्री

जळगावच्या पिंप्राळ्याखालचा काळा खडक खऱ्या ज्वालामुखीचा. हिमाचलच्या ज्वालामुखी गावात मात्र ज्वालामुखीच नाही. देवळातल्या ज्योती जमिनीतून झिरपणाऱ्या वायूवर जळतात. केशवदेव मालवीयांनी याच भागावर डाव लावला.

१९०४ साली जन्मलेले मालवीय नेहरूंचे मंत्री. पाश्चात्त्य तज्ज्ञ आशा दाखवत नव्हते, तरी त्यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. १९५७ मध्ये पहिली विहीर ज्वालामुखीत खोदायला घेतली. वायू दिसला, पण धंद्यापुरता नाही. हिमालयात खडकांचे थर एकमेकांवर चढलेत. त्यांच्या घड्यांत वायू साठतो, तसा भेगांतून निसटतोही.

मालवीय थांबले नाहीत. १९५८ मध्ये खंभात, १९६० मध्ये अंकलेश्वर. गुजरातच्या सपाटीवर तेल लागलं. १९८१ मध्ये ते गेले. हिमालयाचं कोडं अजून सुटलेलं नाही.