दोन युरोच्या नाण्यावरची बाई

गेल्या दिवाळीत भाची व्हिएन्नाहून आली. चॉकलेटं वाटून झाल्यावर तिने पर्स पलंगावर उलटी केली, तर सुट्ट्या पैशांत दोन युरोचं एक नाणं निघालं. त्यावर एका प्रौढ बाईचा चेहरा. मला वाटलं, कुणी राणीबिणी असेल. भाची हसली. म्हणाली, ही बर्था फॉन सुटनर, शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं, पण माहिती शून्य! मग मी वाचत गेले आणि या बाईने मला अक्षरशः झपाटलं.

बर्थाचा जन्म १८४३ चा, प्रागमधला. वडील सरदार घराण्यातले, सैन्यातले मोठे अधिकारी. पण लेकीचं तोंड पाहण्याआधीच ते गेले. आईला जुगाराचा नाद. होता नव्हता तो पैसा कॅसिनोत गेला. नाव मोठं आणि घर रिकामं, अशी गत. शेवटी तिशीत बर्थाने व्हिएन्नातल्या सुटनर घराण्यात चार मुलींची शिक्षिका म्हणून नोकरी धरली. तिथे घरातला मुलगा आर्थर तिच्या प्रेमात पडला. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान, आणि हिच्याकडे दमडी नाही. आर्थरच्या आईने मोठ्या गोडीगुलाबीने एक जाहिरात तिच्यापुढे ठेवली. पॅरिसमधल्या एका श्रीमंत गृहस्थाला सेक्रेटरी हवी होती. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला!

हे गृहस्थ म्हणजे डायनामाइटवाले आल्फ्रेड नोबेल. बर्था तिथे थोडेच दिवस टिकली. आर्थरशिवाय करमेना, तेव्हा जवळचा दागिना विकून ती परत आली आणि १८७६ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. घरचे संतापले. हे दोघे थेट कॉकेशसमध्ये, आजच्या जॉर्जियात जाऊन राहिले. भाषा आणि संगीताच्या शिकवण्या घ्यायच्या, वर्तमानपत्रांसाठी लिहायचं, कधी अर्धपोटी राहायचं. अशी नऊ वर्षं काढली. रशिया-तुर्कस्तान युद्धाची झळ त्यांनी तिथेच सोसली.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये तिची ‘शस्त्रं खाली ठेवा’ या अर्थाच्या नावाची कादंबरी आली. युद्धांमध्ये होरपळलेल्या एका बाईची ही कहाणी. आधी छापायलाच कुणी तयार होईना. आणि छापल्यावर? कितीतरी भाषांत अनुवाद झाले. बर्था गावोगावी भाषणं देऊ लागली, शांतता संघटना उभारू लागली. वर्तमानपत्रांतून तिची व्यंगचित्रं निघाली, टिंगल झाली. तिचं म्हणणं मात्र साधं होतं. दोन शेजाऱ्यांचं भांडण आपण कोर्टात नेतो ना, मग दोन देशांचं का नेऊ नये? नोबेलशी तिचा पत्रव्यवहार त्याच्या मृत्यूपर्यंत चालू होता. त्याच्या मृत्युपत्रात शांततेचं पारितोषिक आलं, त्यामागे तिचा मोठा वाटा मानतात.

१८९९ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात सव्वीस देशांची परिषद भरली. प्रतिनिधी सगळे पुरुष. उद्घाटनाला हजर राहू दिलेली एकटी स्त्री म्हणजे बर्था. शस्त्रं कमी करायचं कुणी कबूल केलं नाही. पण देशांचे तंटे सोडवण्यासाठी कायमचं लवाद न्यायालय स्थापन झालं. त्यात एक मेख होती. तिथे जायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर!

१९०२ मध्ये आर्थर गेला. पैशांची चणचण होतीच, राहतं घरही सुटलं. १९०५ चं नोबेल तिला मिळालं. तरी ती फिरत राहिली, आकाशातून होणाऱ्या युद्धाबद्दल १९१२ मध्येच सावध करत राहिली. २१ जून १९१४ ला तिने डोळे मिटले. आणि मैत्रिणींनो, बरोबर सात दिवसांनी साराजेव्होत गोळी झाडली गेली, पहिलं महायुद्ध पेटलं.

हे वाचून मी सुन्न झाले. मग तिने मिळवलं तरी काय? आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं. मार्च २०२२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं, थांबली का? मर्जीची ती जुनी मेखही तशीच आहे. संबंधित देशांच्या संमतीशिवाय तिथे आजही खटला चालत नाही. सक्ती हवी की नको, आक्रमण करणाऱ्या नेत्यांवर खटले चालवावेत की नाही, यावर युरोपात अजून वाद झडताहेत.

पण मला दुसरंही आठवतं. जुलै २०१९ मधली ती संध्याकाळ. कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल ऐकायला घरोघरी लोक टीव्हीपुढे बसले होते. बाजू मांडली होती आपल्याच हरीश साळव्यांनी. पाकिस्तानने शिक्षेचा फेरविचार करावा, तोवर फाशी देऊ नये, असं न्यायालयाने सांगितलं. ते न्यायालय ज्या शांतता प्रासादात बसतं, तो बांधला गेला बर्थाच्या त्या लवाद न्यायालयासाठी. १९१३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, ते तिने पाहिलं.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. हुंडा थांबला का? नाही. माझ्या थोरल्या मावसबहिणीच्या लग्नात तो कायदा असूनही नोटा चारचौघांत मोजल्या गेल्या. पण लेकीच्या वेळी बैठकीत मागण्यांची यादी निघाली, तेव्हा मी सरळ उठले. हा गुन्हा आहे, एवढंच बोलले. तो शब्द मला कायद्याने दिला होता. तो नसता तर मी फक्त कुरकुर करणारी विहीणबाई ठरले असते.

बर्थाने जगाला असाच शब्द मिळावा म्हणून आयुष्य घालवलं. ऐकणारे ऐकतील, न ऐकणारे नाही ऐकणार. पण निदान चूक कुणाची, हे सांगायला एक जागा तर झाली.

ते नाणं भाचीला काही मी परत दिलं नाही. लेकीच्या लेकीसाठी ठेवलंय.