मेणवलीचा वाडा कुणी राखला?

मैत्रिणींनो, २००४ चा ‘स्वदेस’ सिनेमा आठवतोय ना? त्यातला नदीकाठचा दगडी घाट साताऱ्याकडच्या मेणवलीचा, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. घाटाला लागून मोठा वाडा आहे. सहा चौक, जाडजूड भिंती, लाकडी खांब, भिंतीवर जुनी चित्रं. मधल्या काळात इथे बऱ्याच सिनेमांचं शूटिंग झालं, म्हणून वाडा ‘सिनेमातला वाडा’ म्हणूनच ओळखला जायला लागला. पण तो बांधला नाना फडणवीसांनी. आणि त्यांच्या मागे तो टिकला त्यात आमच्या पनवेलशी नातं असलेल्या एका बाईंचा मोठा वाटा आहे. ते फारसं कुणी सांगत नाही.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. घराणं मूळचं श्रीवर्धनचं, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलंच. बाळाजी विश्वनाथ भटांबरोबर हे भानूही घाटावर गेले. भट पेशवे झाले आणि भानूंकडे फडणिशी आली. फडणिशी म्हणजे सरकारचा सगळा जमाखर्च आणि दप्तर. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्यातला. वडील १७५६ मध्ये गेले आणि चौदाव्या वर्षी हे काम पोराच्या अंगावर पडलं. आपल्याकडे आज त्या वयाची मुलं नववीत असतात!

१७६१ च्या पानिपतात नाना होते. वय एकोणीससुद्धा पूर्ण नाही. लढायला नव्हे, तर तीर्थयात्रा होईल म्हणून आई आणि बायकोला घेऊन फौजेबरोबर गेलेले. त्या पळापळीत आई कायमची हरवली. बायको पुढे सुखरूप सापडली. स्वतः नाना वेश बदलून, पायी, उपाशीतापाशी जीव वाचवत परत आले. ही हकिगत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे, तीही काही न लपवता. राजकारणातला धूर्त माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या लिखाणात आई गमावलेला एक घाबरलेला मुलगा दिसतो. मला तरी नाना तिथेच जवळचे वाटतात.

आता वाडा. आपल्याकडे जुन्या घराचा इतिहास विचारला तर ‘पणजोबांनी बांधलं’ यापुढे गाडी जात नाही. मेणवलीचं तसं नाही. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नानांना दिलं. त्यानंतर नानांनी तिथे वाडा बांधला, कृष्णेवर घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं. बांधणाऱ्याचा पत्ता असा कागदातून लागतो. कधी दगडधातूतूनही लागतो. घाटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. म्हणजे घंटा मूळची चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा अशा कितीतरी घंटा देवळांत आल्या, त्यातलीच ही एक असं सांगतात.

नानांना मात्र या वाड्यात निवांत बसायला कितीसं मिळालं असेल? १७७२ मध्ये थोरले माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. रघुनाथरावांच्या हातून गादी सोडवायला कारभारी एकत्र आले, ते बारभाई. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि त्या तान्ह्या पेशव्याच्या नावाने पुढे वीस-एकवीस वर्षं कारभार मुख्यतः नानांनी पाहिला. वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांची फौज अडवली ती याच काळात. सालबाईचा तह १७८२ चा, खर्ड्याचा विजय १७९५ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तरुण पेशवे शनिवारवाड्यात वरून पडून गेले आणि सगळंच विस्कटलं. १७९७ च्या ३१ डिसेंबरला शिंद्यांकडून खुद्द नानांना कैद झाली. पुढच्या वर्षी सुटले, पण पहिली ताकद उरली नाही. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता जरा वेगळं बोलते. नानांची नऊ लग्नं झाली होती. वंशाला मुलगा हवा, म्हणून एकामागून एक. तरी मुलगा राहिला नाहीच. गेले तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि शेवटची पत्नी जिऊबाई नऊ वर्षांची. त्या काळाची रीत म्हणून सोडून द्या, असं कुणी म्हणेल. माझ्याच्याने नाही सोडून देववत. राज्याच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने या पोरीच्या पुढच्या आयुष्याचा काय हिशेब केला होता?

ज्या वयात भातुकली खेळायची, त्या वयात जिऊबाई राजकारणातली सोंगटी झाल्या. नानांची दौलत कुठे आहे, याकडे सगळ्यांचा डोळा. आधी त्या दुसऱ्या बाजीरावांच्या ताब्यात होत्या. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्यावर चाल केली, त्या धामधुमीत त्या लोहगडावर पोचल्या. तिथला किल्लेदार धोंडोपंत निजसुरे नानांचा विश्वासू. तो बाजीरावांना गड देईना. शेवटी इंग्रजांच्या जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. ठरलं असं, की गड सोडायचा, जिऊबाईंना सालाना बारा हजार रुपये मिळायचे आणि त्यांनी पनवेलला राहायचं. बारा-तेरा वर्षांच्या विधवा मुलीसाठी एवढा करार!

पनवेल तेव्हा खाडीकाठचं गजबजलेलं बंदर होतं. पुण्याहून मुंबईला जाणारी माणसं घाट उतरून इथे यायची आणि होडीत बसायची. आज आपण मॉलसमोर रिक्षासाठी उभ्या राहतो, त्याच गावात ही मुलगी वाढली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मेणवली जिऊबाईंकडे राहिली, पेन्शन राहिली आणि त्या नानांच्या वाड्यात राहायला आल्या. १८२७ मध्ये त्यांनी महादेवराव हा मुलगा दत्तक घेतला. नऊ लग्नं करून नानांना जो वारस मिळाला नाही, तो असा त्यांच्या विधवेने घराला दिला. वाड्यात माणसं नांदती राहिली, म्हणून छपरं शाकारली गेली. माळ्यावरचे रुमालही जागेवर राहिले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. नाना मुळात फडणीस, चिठ्ठीचपाटीसुद्धा न फेकणारे. त्यामुळे मोडीत लिहिलेला केवढा तरी पत्रव्यवहार तिथे पडून होता. पुढे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी तो मिळवायला सुरुवात केली. मेणवली दप्तर म्हणून तो प्रसिद्ध आहे. पेशवाईच्या उत्तरकाळावर लिहिणाऱ्याला त्याच्याकडे वळावंच लागतं.

मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी फॉकलंड महाबळेश्वरच्या बाजूला आली असताना म्हाताऱ्या जिऊबाईंना भेटून गेली. आपल्या आठवणींच्या पुस्तकात तिने त्या भेटीबद्दल लिहिलं आहे. १८५१ मध्ये कॅप्टन मॅकडोनाल्डने लिहिलेलं नानांचं इंग्रजी चरित्र मुंबईत छापलं गेलं, तेव्हाही त्या हयात होत्या. साठीच्या आसपासच्या, वैधव्याची पन्नास वर्षं मागे टाकलेल्या. १८५४ मध्ये त्या गेल्या.