बोरघाट आणि ट्रेडवेलबाई

कर्जत स्टेशनांत पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस मागून आणखी इंजिनें जोडितात, आणि तेवढ्यांत उतारू वडा घेण्यास खालीं उतरतात. पुढें पळसदरी सोडली कीं गाडी डोंगर चढूं लागते. हा लोहमार्ग जिच्या ठेक्याखालीं पुरा झाला, तिचें नांव कर्जत-खालापूरच्या खेड्यांत क्वचितच कोणास ठाऊक असेल. रेल्वेचा इतिहास जाणणारांत मात्र ॲलिस ट्रेडवेल हें नांव प्रसिद्ध आहे.

ह्याच घाटांतून मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं गाडीरस्ता करविला. तो १८३० सालीं खुला झाला आणि त्यांचें नांव शिळेवर कोरण्यांत आलें. रस्ता लोकोपयोगी होता, तेव्हां आम्ही त्यांस दोष देत नाहीं. सत्कृत्य केल्यावर आपलें नांव व्हावें ही इच्छा कोणाच्या मनाला शिवत नाहीं?

लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. पहिले ठेकेदार फॅव्हिएल. त्यांच्या हाताखालील लहान ठेकेदारांनीं मजुरांची मजुरी थकविली, आणि १८५९ च्या जानेवारींत घाटांत दंगा झाला. थोड्याच महिन्यांत फॅव्हिएल ह्यांनीं ठेका सोडला. तो सॉलोमन ट्रेडवेल ह्यांनीं घेतला व त्याच सालीं ते पत्नीसह इंग्लंडाहून आले. पण येऊन फार दिवस झाले नाहींत तोंच ते आजारानें वारले.

परका देश, अर्धवट फोडलेला डोंगर, आणि विधवा बाई. त्या मायदेशीं परतल्या असत्या तर कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. त्या राहिल्या, व पतीचा ठेका त्यांनीं पुढें चालविला. प्रत्यक्ष कामाचा कारभार त्यांनीं ॲडॅमसन व क्लाउझर ह्या दोन जाणत्या इंजिनियरांच्या हातीं दिला. ठेका आपला आणि जोखीमहि आपली, असें असतां हुकूम करण्याची जागा दुसऱ्यास देणें सोपें नव्हे. उपासनामंदिरास घंटा दिली कीं ती केव्हां वाजवावी हेंहि आपणच ठरवूं पाहणारे दाते आम्हीं पाहिले आहेत! बाईंच्या मनांत नम्रता होती कीं केवळ व्यवहारदृष्टि, हें देवच जाणे. मृतांच्या अंगीं आपल्या पसंतीचे सद्गुण चिकटविणें बरें नाहीं. त्यांनीं केलें तें एवढें, आणि तें पुष्कळ आहे.

काम केवढें होतें तें पाहा. सोळा मैलांहून थोड्या कमी अंतरांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, दऱ्यांवरून आठ मोठे पूल. जेथें पाय ठेवण्यास जागा नाहीं तेथें माणसें दोरानें कड्यावर सोडून सुरुंगांचीं भोंकें पाडवीत. १८६१ सालीं घाटांत सुमारें ४२,००० मजूर होते. पटकी व इतर रोगांनीं आणि अपघातांनीं त्यांतले हजारों मेले. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. बर्कली तो दिवस पाहण्यास जिवंत नव्हते; आदल्याच वर्षीं ते इंग्लंडांत निवर्तले होते.

डोंगरावरील प्रवचनांत दानधर्माविषयीं प्रभूनें जी ताकीद दिली, ती आपल्या स्वतःच्या नांवापुरती आहे. दुसऱ्याचें नांव पुसण्यास, किंवा त्याचें देणें बुडविण्यास ती आधार होत नाहीं. बेचाळीस हजारांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर नाहींत. त्यांनीं नम्रतेनें तीं वगळविलीं असें नाहीं, त्यांस कोणी विचारलेंच नाहीं. ज्याच्या घामाचा पैसा बाकी आहे, त्याच्यापुढें नम्रतेचा उपदेश करण्यास उभें राहणाऱ्यानें १८५९ चा तो दंगा आठवावा.

आणि ज्यास नांव हवें त्यास त्या नांवाबरोबर दूषणहि घ्यावें लागतें. मार्ग खुला होऊन पांच वर्षें झालीं नाहींत तर माऊ-की-मळी येथला पूल म्हणून ओळखला जाणारा मोठा पूल १८६७ च्या पावसाळ्यांत कोसळला. तो पुन्हां बांधावा लागला. घाटांत इंजिन पुढचें मागें करून गाडी उलट नेण्याचें जें स्टेशन होतें, तें नवा रूळमार्ग झाल्यावर १९२९ सालीं बंद पडलें.

रात्रीं खोपोलीच्या बाजूनें पाहिलें म्हणजे काळ्या डोंगरावर गाडीच्या दिव्यांची ओळ हळूहळू वर सरकते, बोगद्यांत नाहींशी होते, आणि पलीकडे पुन्हां दिसूं लागते.